वैद्यकीय समाजशास्त्र आणि आरोग्य-तंत्रज्ञान संशोधन: नव्याने येणाऱ्यांसाठी पायऱ्या

गडचिरोलीच्या खेड्यांत लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखायचा तर मुलाचे श्वास मिनिटाला किती पडतात ते मोजावं लागतं, आणि गावातल्या अनेक सुईणींना पन्नास-साठपर्यंत अंक येत नव्हते. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी त्यासाठी ‘ब्रेथ काउंटर’ नावाचं साधं उपकरण केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया समजायचा.

हे उपकरण पाहून इंजिनिअर विचारेल, मोजमाप अचूक होतं का. डॉक्टर विचारेल, निदान बरोबर येतं का. वैद्यकीय समाजशास्त्राचा अभ्यासक विचारतो की सुईणीने केलेलं निदान मुलाचा बाप मानतो का, औषध देण्याचा अधिकार तिला गावाने दिलाय का आणि तालुक्याच्या डॉक्टरला ते चालतं का, अंक न येणाऱ्या बाईसाठी यंत्र घडवावं असं इतक्या वर्षांत इतर कुणाला का वाटलं नाही. या तऱ्हेचे प्रश्न तुमची पाठ सोडत नसतील, तर हे क्षेत्र तुमचं आहे.

समाजशास्त्रात एम.ए. केलेले, बीएएमएस-एमबीबीएस किंवा नर्सिंग करून दवाखान्याबाहेरचं जग समजून घ्यावंसं वाटणारे, आणि बायोमेडिकल किंवा संगणक शाखेतून येणारे, अशा तिघांनाही डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. शिक्षण वेगळं असलं तरी तिघांची सुरुवात एकाच जागी होते. आधी प्रश्न ठरवा, पदवी आणि संस्था त्यामागून ठरू द्या. बहुतेक जण उलटं करतात. प्रवेश मिळेल तिथे घेतात, गाईड देईल तो विषय घेतात आणि तिसऱ्या वर्षी लक्षात येतं की या विषयात आपला जीव नाही.

क्षेत्राची ओळख

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्ट्रॉस यांनी १९५७ साली एक भेद मांडला, तो आजही कामाला येतो. एक समाजशास्त्र वैद्यकासाठी काम करतं: लस का घेतली जात नाही, गोळ्या मध्येच का सोडल्या जातात, अशा डॉक्टरांना पडलेल्या प्रश्नांची उत्तरं शोधतं. दुसरं समाजशास्त्र खुद्द वैद्यकाचाच अभ्यास करतं: डॉक्टरकीचा अधिकार कुठून येतो, कुठल्या दुखण्याला ‘आजार’ म्हणायचं हे कोण ठरवतं, रुग्णालयात कुणाचं ऐकलं जातं. पहिल्यासाठी निधी सहज मिळतो. दुसऱ्यासाठी मोकळीक लागते, ती विद्यापीठात मिळण्याची शक्यता जास्त. बहुतेक चांगले अभ्यासक दोन्हींत ये-जा करतात, पण आपण या क्षणी कुठल्या बाजूला उभे आहोत हे माहीत असावं.

आरोग्य-तंत्रज्ञानाच्या अभ्यासातही दोन वाटा आहेत. एक वाट मूल्यमापनाची. एखादं यंत्र, औषध किंवा तपासणी सरकारने विकत घ्यावी का, त्यातून किती आयुष्य आणि किती सुख वाढतं, याचा हिशेब. भारतात यासाठी आरोग्य संशोधन विभागाखाली ‘एचटीएइन’ (हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट, म्हणजे एचटीए, इन इंडिया) ही व्यवस्था २०१७ पासून काम करते, आणि तिची प्रादेशिक केंद्रं देशभर आहेत. मुंबईत परळला आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेत असं केंद्र आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवायला गर्भाशयात जो बलून वापरतात, त्याच्या प्रकारांचं मूल्यमापन तिथे झालं. दुसरी वाट तंत्रज्ञानाच्या सामाजिक अभ्यासाची: यंत्र दवाखान्यात आलं की कामाची, अधिकाराची, पैशाची आणि भीतीची मांडणी कशी बदलते.

दुसऱ्या वाटेचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या घरचं आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. कायदा पाळला जात नाही म्हणून ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या स्वयंसेवी संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. पुढे कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडण्यात आले. एका यंत्रावर नजर ठेवायला दुसरं यंत्र! या साखळीत संशोधक आहेत, कार्यकर्ते आहेत, डॉक्टर, न्यायालय, जिल्हाधिकारी, यंत्र बनवणारी कंपनी आणि सासरची माणसं आहेत. वैद्यकीय समाजशास्त्रज्ञाला हे सगळं एकत्र वाचता यावं लागतं. तंत्रज्ञान तटस्थ असतं असं कुणी म्हणालं, की त्याला ही साखळी सांगावी.

पायरी पहिली: प्रश्न पकडा

‘डिजिटल आरोग्य आणि समाज’ हा प्रश्न झाला नाही, तो फार तर परिसंवादाचा विषय होईल. प्रश्नात एक तंत्रज्ञान हवं, एक ठिकाण हवं आणि काही ठरावीक माणसं हवीत. उदाहरणार्थ: उपकेंद्रातल्या नर्सताईला टॅबलेट मिळाल्यावर तिचं रजिस्टर खरंच बंद झालं का, आणि नसेल तर दोन्हीकडे लिहिण्याचा वेळ ती कुठून काढते?

हा प्रश्न वरवर बारका दिसतो. पण उपकेंद्रात एक अख्खा दिवस बसून बघा. टॅबलेट चार्जिंगला लावलेला असतो, लसीकरणाची रांग असते, म्हणून नोंद आधी रजिस्टरमध्ये होते. रेंज संध्याकाळी मिळते, तेव्हा ती ॲपमध्ये चढवली जाते. कधी घरी जाऊन, कधी मुलाच्या मदतीने. म्हणजे वरच्या कार्यालयाच्या डॅशबोर्डवर दिसणारा आकडा नर्सताईच्या घरच्या ओट्यावर तयार झालेला असू शकतो. तिच्या बिनपगारी वेळाचा हिशेब कुठेच नसतो, आणि गर्भवतीची माहिती घरातल्या तिसऱ्या माणसाच्या डोळ्यांखालून जाते. श्रम, गोपनीयता, आकडेवारीची विश्वासार्हता हे तीन मोठे विषय त्या एका टॅबलेटमधून निघतात.

आज हाताशी असलेली आणखी काही दारं सांगतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ई-संजीवनी ही दूरस्थ सल्लासेवा आणि त्यात रुग्णासोबत बसणारे समुदाय आरोग्य अधिकारी. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर आलेलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन आणि त्यातलं आरोग्य-नोंदींचं ‘आभा’ खातं. नोंदणीच्या खिडकीवर संमती नेमकी कशी घेतली जाते, हा त्यातला कळीचा प्रश्न. क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे वाचणारं एआय: जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरच्या वापराची शिफारस केली, पण मशीनने ‘संशयित’ म्हटलेल्या माणसाला गावात काय ऐकावं लागतं हे कोण पाहतंय? डायलिसिस केंद्रं, आयव्हीएफ, घरगुती ग्लुकोमीटर, सगळीकडे काम बाकी आहे.

यंत्रातला दोष सामाजिक कसा असतो हे पाहायचं तर पल्स ऑक्सिमीटर घ्या. कोविडच्या काळात घरोघरी आलेलं हे यंत्र. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखवलं की यंत्रावर ऑक्सिजन व्यवस्थित दिसत असताना प्रत्यक्षात तो धोकादायकरीत्या कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के होतं, गोऱ्या रुग्णांमध्ये ३.६ टक्के. तिपटीहून थोडं जास्त. गडद त्वचेच्या माणसांवर यंत्र पुरेसं तपासलं गेलं नव्हतं, ही बाब फारशी कुणाला खटकली नव्हती. आपल्याकडच्या त्वचेच्या रंगांची विविधता लक्षात घेता हा प्रश्न आपण हक्काने विचारायला हवा.

प्रश्न एका वाक्यात लिहा आणि क्षेत्राबाहेरच्या दोघांना वाचायला द्या. त्यांनी ‘मग पुढे काय कळलं?’ असं विचारलं, तर प्रश्न जमलाय.

पायरी दुसरी: पदवी, नेट-सेट आणि पेट

समाजशास्त्र, समाजकार्य, मानवशास्त्र, लोकसंख्याशास्त्र, सार्वजनिक आरोग्य यांपैकी कशातही पदव्युत्तर पदवी चालते. डॉक्टर असाल तर एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, हा सोयीचा पूल आहे. इंजिनिअरने मात्र थेट पीएच.डी.कडे उडी न घेता समाजविज्ञानाची एक पदव्युत्तर पदवी करावी असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाखत घेणं आणि समाजशास्त्रीय सिद्धांत वाचणं ही जाता जाता उचलायची कौशल्यं नाहीत. दोन वर्षं गेली असं वाटेल, पण पुढची दहा वर्षं सोपी होतात.

प्राध्यापकपदाच्या पात्रतेची नेट परीक्षा एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते, सर्वसाधारणपणे जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा. दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. विषय म्हणून समाजशास्त्र घेता येतं, शिवाय ‘सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ’ असा वेगळा विषयही आहे. तो असतो हेच अनेकांच्या गावी नसतं. मात्र पुढे कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचं असेल, तर नेट-सेट समाजशास्त्रातच असावी. भरतीच्या छाननीत विषयाचं नाव शब्दशः पाहिलं जातं.

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन फेलोशिपसह) सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, किंवा फक्त पीएच.डी. प्रवेश. जेआरएफसाठी वयाची सर्वसाधारण मर्यादा ३० वर्षं असून राखीव प्रवर्ग आणि महिलांना सवलत आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट ही राज्यपातळीची पात्रता परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी सेट अजिबात सोडू नये, कारण तिथे मराठीतून उत्तरं देता येतात. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाला नेट किंवा सेट ही किमान अट आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक. कागदावर ऐच्छिक असली तरी संशोधनात राहायचं असेल तर ती करावीच लागते.

पीएच.डी.चे सध्याचे नियम यूजीसीने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणले. कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, साधारणपणे कमाल सहा. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केलेल्यांनाही थेट अर्ज करता येतो. एम.फिल. बंद झालं. प्रत्येक विद्यापीठाची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा), मुलाखत आणि सिनॉप्सिसचं वेळापत्रक वेगळं असतं. त्यासाठी विद्यापीठाची वेबसाइट आणि विभागाचा नोटीस बोर्ड दोन्ही बघत राहावं लागतं.

पायरी तिसरी: कुठे जायचं

मुंबईत देवनारला दोन संस्था एकमेकींच्या शेजारी आहेत: १९३६ साली सुरू झालेली टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आणि १९५६ सालची आयआयपीएस (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था). टिसमध्ये आरोग्यव्यवस्था, सामाजिक साथरोगशास्त्र आणि धोरण यांवर भर, तर आयआयपीएसमध्ये लोकसंख्या आणि मोठी सर्वेक्षणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम आयआयपीएसच पाहते. आकड्यांची गोडी असेल तर दुसरी, माणसांशी बोलण्याची ओढ असेल तर पहिली, असा ढोबळ निवाडा करायला हरकत नाही.

आयआयटी मुंबईत २०१४ पासून ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणं घडवणारं केंद्र आहे. तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलावर बसतात. त्या टेबलावर समाजशास्त्रज्ञाने खुर्ची ओढून बसावं आणि उपकरण घडण्याच्या प्रक्रियेचाच अभ्यास करावा, ही मराठी अभ्यासकासाठी फार सुपीक जागा आहे.

पुण्यात विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग आणि आरोग्य विज्ञान प्रशाला आहे. केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचा वढू परिसरातला प्रकल्प २००२ पासून तिथल्या गावांची आरोग्य-नोंद सातत्याने ठेवत आलाय. ‘साथी’ आरोग्य हक्कांवर काम करते, मुंबईची ‘सेहत’ १९९४ पासून. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी ‘दिलासा’ विभाग सुरू झाला तो ‘सेहत’ आणि महापालिका यांच्या सहकार्यातून. संशोधन दवाखान्याच्या रोजच्या कामात कसं उतरतं, हे शिकायला अशा संस्थांत केलेलं एक वर्षाचं काम मोलाचं ठरतं.

राज्याबाहेर दोन नावं पहिल्यांदा घ्यावीत: दिल्लीत जेएनयूचं सोशल मेडिसिन केंद्र आणि त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन केंद्र. जेएनयूचा वैचारिक पाया भक्कम. त्रिवेंद्रमला एमपीएच १९९७ पासून चालतं, आणि ज्या श्री चित्रा संस्थेचा ते भाग आहे तिथे वैद्यकीय उपकरणंही घडतात. मूल्यमापनाचा हिशेब शिकायचा असेल तर चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेकडे पाहा.

पायरी चौथी: हाताला काम शिकवा

मुलाखत घेता येणं, निरीक्षण लिहिता येणं आणि आकडे वाचता येणं, या तिन्हींपैकी एकात तुम्ही पक्के हवेत आणि उरलेल्या दोन्हींत कामापुरते.

निरीक्षणाची टिपणं त्याच दिवशी लिहावीत. ‘डॉक्टरांचं वागणं उद्धट होतं’ असं लिहून उपयोग नाही, कारण तो तुमचा निकाल झाला. बाई स्टुलावर बसायच्या आधीच डॉक्टरांनी केसपेपरवर लिहायला सुरुवात केली, प्रश्न नवऱ्याला विचारला, उत्तर बाईने दिलं, ते लिहून घेतलं गेलं नाही, असं लिहिलंत तर सहा महिन्यांनीही त्यातून अर्थ काढता येईल.

मुलाखतीच्या एका तासाच्या रेकॉर्डिंगला मजकूर उतरवायला पाच-सहा तास सहज जातात. बोली असेल, पंख्याचा आवाज असेल तर आणखी. उतरवलेला मजकूर मराठीतच ठेवा, कोडिंग, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना विषयाच्या खुणा लावणं, मराठीतच करा आणि प्रबंधात वापरायच्या उद्धृतांचंच भाषांतर करा. सगळं आधी इंग्रजीत आणून मग विश्लेषण करणाऱ्यांच्या हातून वऱ्हाडी, अहिराणी, कोकणी बोलण्यातले बारकावे गळून जातात, आणि तेच तर आपल्याकडचं खरं धन असतं. कोडिंगच्या सॉफ्टवेअरपैकी एनव्हिवो आणि ॲटलास-टीआय महाग आहेत. टॅगेट आणि क्वालकोडर फुकट आहेत. सर्वेक्षणासाठी कोबो टूलबॉक्स, संदर्भांसाठी झोटेरो, सांख्यिकीसाठी ‘आर’. यावर पैसे घालवायची गरज नाही.

आकड्यांचा सराव खऱ्या आकडेवारीवर करा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीतली (२०१७–१८) आरोग्यखर्चाची माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या पोर्टलवर मोफत मिळते. महाराष्ट्रातल्या कुटुंबांनी रुग्णालयात भरती झाल्यावर खिशातून काय खर्च केला, याचा एक तक्ता स्वतः तयार करून बघा.

एचटीएच्या वाटेने जाणाऱ्यांना ‘क्वाली’ समजलाच पाहिजे. पूर्ण निरोगी असं एक वर्ष म्हणजे एक क्वाली, अर्ध्या दर्जाचं वर्ष म्हणजे अर्धा. हा दर्जा मोजायला ‘ईक्यू-५डी’ ही प्रश्नावली वापरतात, आणि तिच्यात पाचच बाबी विचारतात: हिंडणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, नेहमीची कामं, वेदना, चिंता किंवा खिन्नता. आता बीडहून ऊसतोडीला गेलेल्या बाईला ‘नेहमीची कामं करताना त्रास होतो का’ असं विचारून पाहा. तिचं नेहमीचं काम म्हणजे डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढणं. कंबर मोडलेली असतानाही ती ‘नाही’ म्हणेल, कारण काम थांबवलं तर खाडा धरला जातो. याच बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. हिशेबाच्या सूत्रात जाणारा तो एक आकडा कुणाच्या अंगावरून आलाय, हे समाजशास्त्रज्ञाने सांगायचं असतं. त्यासाठी सूत्रही यायला हवं आणि फडही माहीत हवा. दोन्ही येणारी माणसं आज फार थोडी आहेत.

पायरी पाचवी: गाईड

गाईडची निवड नावावर करू नका. शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाऊन त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेले दोन प्रबंध उघडा आणि किती वर्षांत झाले ते पाहा. सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटा आणि एकच विचारा: दिलेलं प्रकरण वाचून किती दिवसांत परत मिळतं? पहिल्या मेलमध्ये चरित्र लिहू नका. प्रश्न, ठिकाण, तुम्ही आतापर्यंत काय वाचलं किंवा पाहिलं आणि त्यांच्या कुठल्या कामाशी ते जुळतं, हे दहा-बारा ओळींत बसवा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एक आठवण पाठवावी. मॅडम-सर कामात असतात, त्यात अपमान मानू नये.

पायरी सहावी: पैसा

जेआरएफचे दरमहा ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफचे (वरिष्ठ फेलोशिपचे) ४२,००० रुपये, अधिक घरभाडं; २०२३ पासूनचे हे दर आहेत. जेआरएफ नसेल तर महाराष्ट्रात राज्याच्या संस्थांची स्वतंत्र सोय आहे: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची) डॉक्टरल फेलोशिप समाजविज्ञानाच्या सर्वांसाठी. आयसीएमआरच्या जेआरएफमध्ये समाजविज्ञानाचा वेगळा प्रवाह राहिलाय, तो या वर्षी आहे का ते पाहून घ्या.

फेलोशिपचे हप्ते लांबतात. सहा महिन्यांची शिल्लक किंवा अर्धवेळ काम हाताशी असू द्या. घरच्यांशीही हे मोकळेपणाने बोला.

पायरी सातवी: एथिक्स

इथे घाई करणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समाजविज्ञानालाही लागू आहेत, त्यात त्यासाठी वेगळं प्रकरण आहे. रुग्णालयात एकही मुलाखत घेण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी हवी, नंतर मागून मिळत नाही. परदेशी निधी असेल तर सरकारच्या तपासणी समितीची मान्यता आणखी. सरकारी दवाखान्यात जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचं पत्र वेगळं लागतं. कमिटीची मंजुरी आहे म्हणून वैद्यकीय अधिकारी दार उघडेलच असं नाही. या सगळ्याला मिळून सहा महिने धरून चाला.

कागद झाल्यावर खरी संमती सुरू होते. तुम्ही ओटीवर बसलाय, समोर सून, बाजूला सासूबाई. संमतीपत्र चार पानी, त्यात ‘स्वेच्छेने सहभाग’ आणि ‘गोपनीयतेची हमी’ असले शब्द. पहिला प्रश्न येतो, ‘ताई, याच्यातून कोणती योजना मिळणार?’ तुम्ही सरकारकडून आलात असं त्यांनी धरलेलं असतं. योजना मिळणार नाही, हे दोनदा आणि स्वच्छ सांगावं लागतं. कागद पुढे केला की काहींना जमिनीच्या व्यवहाराची आठवण होऊन अंगठा द्यायची भीती वाटते. म्हणून मजकूर बोलीत वाचून दाखवा, त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावा, आणि कमिटीकडून तोंडी संमती रेकॉर्ड करण्याची परवानगी आधीच मागून ठेवा. सासूबाई उठल्या नाहीत तर गर्भपात, वंध्यत्व, मारहाण हे विषय त्या दिवशी काढू नका. मुलाखत अर्धी राहिली तरी चालेल.

गावाचं नाव बदललं म्हणून ओळख लपत नाही. ‘तालुक्यातल्या एकमेव स्त्रीरोगतज्ज्ञ’ असं लिहिलंत की ती व्यक्ती उघडी पडली.

पायरी आठवी: लिहिणं आणि छापणं

यूजीसीची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक चांगलं की पैसे उकळणारं हे ओळखण्याची जबाबदारी आता विद्यापीठांवर आणि तुमच्यावर आहे. आठ दिवसांत स्वीकृती आणि बँक खात्याचा नंबर आला, तर तिकडे फिरकू नका. सुरुवातीला मुंबईत १९९३ साली सुरू झालेलं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ नियमित वाचा. ते सर्वांना मोफत खुलं आहे. मग ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’, ‘सोशिओलॉजिकल बुलेटिन’, आणि परदेशातलं ‘सोशिऑलॉजी ऑफ हेल्थ अँड इलनेस’. सरकारी संस्थेत असाल तर जानेवारी २०२५ पासूनच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे हजारो नियतकालिकं ग्रंथालयातून उघडतात. खाजगी संस्थेतल्यांनी लेखकाला सरळ मेल करून प्रत मागावी, बहुतेक जण देतात.

आणि मराठीत लिहा. ज्या आशाताईंनी दोन तास दिले, त्यांना वाचता येईल असं चार पानी टिपण प्रबंधाच्या आधी तयार व्हावं, असा माझा आग्रह आहे. त्यांच्या बैठकीत ते वाचून दाखवलंत की चुकाही तिथेच कळतात.

परदेश

नेदरलँड्समध्ये पीएच.डी. ही बहुधा चार वर्षांची पगारी नोकरी असते, जर्मनीतही पगारी पदं निघतात, आणि जाहिरात येते तेव्हा विषय बराचसा ठरलेला असतो. ब्रिटनमध्ये उलट, प्रस्ताव तुमचा आणि निधी शोधायची धडपडही तुमचीच. तिथल्या समाजशास्त्र संघटनेच्या वैद्यकीय समाजशास्त्र गटाची दरवर्षी परिषद होते, तिचे सारांश वाचले तरी कुठे कशावर काम चाललंय ते कळतं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पीएच.डी.लाही लागू आहे.

पायरी नववी: नोकरी

सहायक प्राध्यापकाची मूळ वेतनाची सुरुवात दहाव्या शैक्षणिक स्तरावर ५७,७०० रुपये आहे. पण त्या पदापर्यंत पोचेपर्यंत महाराष्ट्रात अनेकांची उमेदीची वर्षं तासिका तत्त्वावर (सीएचबीवर) जातात. सीएचबीवर शिकवणाऱ्या, पीएच.डी. झालेल्या माणसांना सुट्टीच्या महिन्यांत पगार नसतो. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललं पाहिजे; पण निर्णय घेताना तो गृहीत धरलाच पाहिजे. सीएचबी घेतलीत तर मुदत ठरवून घ्या आणि त्या काळात किमान एक लेख पूर्ण करा.

समाजशास्त्र विभागात ‘वैद्यकीय समाजशास्त्र’ म्हणून जागा क्वचितच निघते. त्यामुळे कुटुंब, ग्रामीण समाज, संशोधन पद्धती असा एखादा पायाभूत पेपर उत्तम शिकवता यायला हवा. दुसरी बाजू मेडिकल कॉलेजांची: एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात २०१९ पासून ‘एटकॉम’, म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद, शिकवावं लागतं. तिथे समाजशास्त्रज्ञाची गरज उघड आहे, पदं मात्र तुरळक. विभागप्रमुखांना भेटून पाहुणं व्याख्यान मागितलं तर नाही म्हणत नाहीत.

उरलेली वाट प्रकल्पांची. आयसीएमआरच्या संस्था, एचटीएची केंद्रं, टिस, वढू, ‘सर्च’ आणि स्वयंसेवी संस्था यांच्या वेबसाइटवर जाहिराती येतात आणि अनेकदा आठ-दहा दिवसांत मुलाखत असते, म्हणून कागदपत्रांची फाइल तयार ठेवावी. अर्जासोबत दोन पानी लेखन-नमुना जोडा: एक निरीक्षण-टिपण आणि एक तक्ता, त्याखाली तुमचा चार ओळींचा अर्थ. प्रकल्पप्रमुखाला हवी असलेली माहिती त्यात असते, आणि बहुतेक उमेदवार फक्त प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स लावतात. रुजू होताना मात्र दोन गोष्टी लेखी घ्या: गोळा केलेली माहिती तुमच्या पीएच.डी.साठी वापरता येईल का, आणि निघणाऱ्या लेखांवर तुमचं नाव कुठे असेल.